रोमचा ताप आणि टेकडीचा आसरा

सन १६२३ च्या जुलै महिन्यात पोप पंधरावे ग्रेगरी निवर्तले आणि त्यांचा वारस निवडण्यासाठी पन्नासहून अधिक कार्डिनल व्हॅटिकनमध्ये एकत्र आले. १९ जुलैला सभेची दारे बंद झाली. रोमचा तो भर उन्हाळा. टायबर नदीच्या काठचा सखल भाग, दाटीवाटीने उभ्या केलेल्या लाकडी खोल्या, खिडक्या झाकलेल्या, आणि बाहेर पडण्याची मुभा नाही. थोड्याच दिवसांत कार्डिनल मंडळी आणि त्यांचे सेवक एकामागून एक हुडहुडी भरून अंथरुणाला खिळू लागले. ६ ऑगस्टला माफेओ बार्बेरिनी यांची निवड झाली आणि त्यांनी आठवे उर्बन हे नाव धारण केले; परंतु नवे पोप स्वतःच तापाने इतके ग्रासले होते की त्यांचा अभिषेक सोहळा २९ सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावा लागला. त्या सभेतून आजार घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी काही जण पुन्हा उठले नाहीत.

रोमला हे नवे नव्हते. त्याआधी ३३ वर्षांपूर्वी, १५९० साली, २७ ऑगस्टला पोप पाचवे सिक्स्टस हिवतापाने गेले. त्यांच्या जागी निवडून आलेले सातवे उर्बन अभिषेक होण्यापूर्वीच, अवघ्या तेराव्या दिवशी, २७ सप्टेंबरला त्याच तापाने मृत्यू पावले. एका महिन्यात दोन पोप!

आठवे उर्बन बरे झाले, आणि त्यांनी एक निर्णय घेतला. रोमच्या आग्नेयेस आल्बान टेकड्यांमध्ये, एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेल्या सरोवराच्या कडेवर कास्तेल गांदोल्फो नावाचे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ४२६ मीटर. तेथे त्यांनी आपल्यासाठी उन्हाळी निवास उभारून घेतला आणि १६२६ पासून ते तेथे राहावयास जाऊ लागले. पुढे अनेक पोपांनी हा प्रघात पाळला. पोप फ्रान्सिस यांनी तो मोडून २०१६ साली त्या प्रासादाचे संग्रहालय केले. २०२५ च्या उन्हाळ्यात पोप चौदावे लिओ पुन्हा कास्तेल गांदोल्फोला विसाव्यासाठी गेले, मात्र त्यांचा मुक्काम प्रासादाऐवजी जवळच्या व्हिला बार्बेरिनीत होता. वर्तमानपत्रांत ती छायाचित्रे पाहताना आम्हांला राहून राहून १६२३ चा तो उन्हाळा आठवला. आज जी केवळ विश्रांतीची जागा वाटते, तिच्या मुळाशी एका प्राणघातक तापाची भीती होती.

उंचावर गेले म्हणजे हिवताप टळतो, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. का टळतो, याचे उत्तर मात्र त्याने शतकानुशतके चुकीचे दिले. ते उत्तर कसे सापडले आणि आता ते पुन्हा कसे बदलू लागले आहे, हे पाहण्याचा येथे आमचा हेतू आहे.

चुकीचे उत्तर त्या रोगाच्या नावातच आहे. 'मलेरिया' हा शब्द इटालियन भाषेतला. त्याचा अर्थ 'वाईट हवा'. दलदलीत कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून विषारी वाफा निघतात, त्या जड असल्याने खाली साचून राहतात आणि रात्री श्वासावाटे शरीरात शिरतात, अशी समजूत होती. ही समजूत आज हसण्यासारखी वाटली तरी तिच्यामागचे निरीक्षण कच्चे नव्हते. ताप सखल भागात येतो, रात्री बाहेर झोपणाऱ्याला धरतो, जुलै ते ऑक्टोबर या काळात उसळतो आणि टेकडीवर क्वचितच दिसतो, हे चारही मुद्दे तंतोतंत खरे होते. पोपांचे वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चीसी यांनी १७१७ साली दलदलीच्या बाष्पांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दलदल उपसून काढण्याचा आग्रह धरला आणि तेथील डासांकडेही संशयाने बोट दाखवले. पण बोट दाखवणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे; त्यासाठी आणखी १८० वर्षे जावी लागली.

या 'वाईट हवे'पासून दूर जाणे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर अवलंबून होते. पोप आणि सरदार टेकडीवर जात. त्याच वेळी आब्रुत्सीच्या डोंगरांतील गरीब शेतकरी नेमके उलट दिशेने, खाली उतरत. रोमभोवतीच्या 'काम्पान्या' या विस्तीर्ण माळरानावर गहू कापणीला यायचा तो जूनमध्ये. मजूर टोळ्याटोळ्यांनी येत, दिवसा कापणी करीत आणि रात्री शेतातच, गवताच्या झोपड्यांत किंवा उघड्यावर झोपत. कापणी संपवून ते मजुरीच्या पैशांबरोबर तापही घेऊन घरी परतत. आपल्या कोकणातून आणि घाटावरून कामासाठी परमुलखात जाणाऱ्या कुटुंबांना ही कथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मौज अशी की, डोंगरावरच्या गावात परतलेला मजूर तापाने फणफणत असला तरी त्याचा ताप शेजाऱ्याला लागत नसे. वैद्यांना हे कोडे होते. ताप संसर्गाचा असेल तर तो येथे का पसरत नाही?

याच शतकात, पोप आठवे उर्बन हयात असतानाच्या सुमारास, तापावरचे पहिले खरे औषध रोमला पोहोचले, आणि तेही एका डोंगरावरून. पेरूमधील लिमा नगरीत येशूसंघीयांच्या मठात आगोस्तीनो सालुम्ब्रीनो नावाचे इटालियन ब्रदर औषधालय सांभाळीत. अँडीज पर्वताच्या उतारावर वाढणाऱ्या एका झाडाची कडू साल थंडीतापावर गुणकारी ठरते, हे तेथील येशूसंघीयांना स्थानिक लोकांच्या उपचारांवरून उमगले आणि साल युरोपला रवाना होऊ लागली. रोममध्ये स्पॅनिश येशूसंघीय कार्डिनल हुआन दे लुगो यांनी ती पदरमोड करून गोरगरिबांना वाटली. सांतो स्पिरितो या पुरातन रुग्णालयात ती रुग्णांना दिली जाई, आणि १६४९ मध्ये तिच्या मात्रेचे छापील पत्रकही निघाले. लोक तिला 'जेज्वीटांची पूड' म्हणू लागले. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये या नावामुळेच अनेकांनी ती तोंडात घेण्याचे नाकारले! १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून जे सत्त्व वेगळे काढले, तेच क्विनीन. आमच्या आजी-आजोबांच्या तोंडी ते 'कोयनेल' होते आणि त्याची नुसती आठवण निघाली तरी त्यांचे तोंड वाकडे होई.

हे सिंकोनाचे झाड साधारण दीड हजार मीटर आणि त्याहून अधिक उंचीवर वाढते, म्हणजे जेथे हिवतापाचा जोर ओसरू लागतो तेथे. सखल भागातील रोगावरचा उतारा डोंगरमाथ्यावर मिळावा, हा योगायोगच म्हणावयाचा. या सालीचा महिमा सांगताना भाविक लेखकांच्या हातून थोडी अतिशयोक्तीही झाली आहे. १६५५ सालच्या पोपनिवडीत कोणीही हिवतापाने दगावले नाही, याचे श्रेय पुष्कळदा तिला दिले जाते. परंतु ती सभा जानेवारीत सुरू होऊन एप्रिलच्या आरंभी संपली होती. त्या दिवसांत रोममध्ये हिवताप पसरतच नसे. श्रेय द्यायचेच तर ते थंडीला द्यावे लागेल.

थंडीचा आणि तापाचा हा संबंध उलगडण्यापूर्वी आणखी एका मठाची हकिगत सांगितली पाहिजे. संत पौलाचा शिरच्छेद जेथे झाला असे परंपरा मानते, ते त्रे फोंताने हे स्थान रोमच्या दक्षिणेस खोलगट जागी आहे. तापाच्या भीतीने तो मठ ओस पडल्यासारखा झाला होता. १८६८ मध्ये पोप नववे पायस यांनी तो ट्रॅपिस्ट व्रतस्थांच्या हवाली केला. या साधूंनी तेथे हजारो निलगिरीची झाडे लावली; झाडांच्या उग्र वासाने हवा शुद्ध होईल अशी आशा होती. आरंभी कित्येकांना तापाने गाठले, तरी त्यांनी जागा सोडली नाही. निलगिरीच्या मुळांनी जमिनीतले पाणी शोषल्यामुळे थोडा फरक पडला असेल; वासाने मात्र काहीच साधले नाही. चुकीच्या कारणासाठी केलेल्या बरोबर कामाचे हे आणखी एक उदाहरण, आणि ते करताना प्राण पणाला लावणाऱ्या माणसांविषयी आम्हांला आदरच वाटतो.

आता डासाकडे वळू. १८९७ च्या उन्हाळ्यात भारतीय वैद्यकीय सेवेतील रोनाल्ड रॉस रजेवर उटकमंडला गेले होते. उटी सुमारे २,२०० मीटर उंचीवर, तापापासून मुक्त. रॉस यांना तापाचाच अभ्यास करायचा होता, म्हणून ते खाली सिगूर घाटातल्या कॉफीच्या मळ्यांकडे उतरले आणि काही दिवसांतच स्वतः हिवतापाने आजारी पडले. उंचीची रेषा त्यांनी आपल्या देहावरच मोजून पाहिली म्हणा ना! त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत, ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे परजीवी वाढताना दिसले. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा सारा प्रवास डासामार्फत सिद्ध केला. मानवी हिवतापाचा पुरावा पूर्ण झाला तो रोममध्ये. १८९८ च्या नोव्हेंबरात जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी, आमिको बिन्यामी आणि ज्युझेप्पे बास्तियानेल्ली यांनी तापग्रस्त माक्कारेझे गावातून आणलेले डास एका निरोगी स्वयंसेवकाला चावू दिले आणि त्याला ताप आला. हा प्रयोग झाला त्याच सांतो स्पिरितो रुग्णालयात, जेथे अडीचशे वर्षांपूर्वी जेज्वीटांची पूड वाटली गेली होती. रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ग्रास्सींना मिळाले नाही, आणि दोघांचे भांडण मरेपर्यंत चालले. त्या भांडणात आम्ही पडत नाही.

अ‍ॅनॉफिलिस जातीची मादी हिवतापाच्या रुग्णाला चावली म्हणजे परजीवी तिच्या पोटात जातात. पण ती लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. परजीवींना तिच्या जठरात वाढून, फुटून, लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोहोचावे लागते, आणि डासाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. भोवतालची हवा जितकी उबदार तितकी ही वाढ जलद. हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी 'फाल्सिपारम' घेतला, तर २५ अंश सेल्सिअसला त्याची वाढ सुमारे १२ दिवसांत पुरी होते. २० अंशांना त्यालाच २८ दिवस लागतात, १८ अंशांना ५५ च्या आसपास. आणि १६ अंशांच्या खाली ती थांबते. दुसरा परजीवी 'व्हायव्हॅक्स' आणखी अंश-दीड अंश थंडी सहन करतो. आता मादीचे आयुष्य पाहावे. निसर्गात तीन-चार आठवड्यांपलीकडे फार थोड्या माद्या जगतात. म्हणजे थंड प्रदेशात डास असतो, चावतोही, पण त्याच्या पोटातला परजीवी पिकण्यापूर्वी तो स्वतःच मरून जातो. आब्रुत्सीच्या मजुराचा ताप शेजाऱ्याला का लागत नसे, याचे उत्तर येथे आहे. फार उष्णताही डासाला सोसत नाही. हवेचे तापमान चौतीस-पस्तीस अंशांपलीकडे गेले आणि त्यात कोरडेपणा असला की तो तग धरत नाही. रोगप्रसाराला २५ अंशांच्या आसपासची दमट हवा सर्वांत अनुकूल.

डोंगर चढताना दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. हा हिशेब आम्ही कास्तेल गांदोल्फोला लावून पाहिला आणि थोडे चकित झालो. ४२६ मीटर म्हणजे जेमतेम पावणेतीन अंशांचा फरक. रोमला जुलैमध्ये सरासरी पंचवीस अंश असले तर टेकडीवर बावीस-तेवीस. एवढ्या उबेत परजीवी दोन-अडीच आठवड्यांत पिकतो. म्हणजे पोपना थंडीने वाचवले नाही! त्यांना वाचवले ते उताराने. ज्वालामुखीच्या कड्यावर पाणी साचून राहत नाही, सरोवराचे काठ तुटलेले व खोल आहेत, आणि दलदलीतला डास दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे सहसा उडत नाही. रोम शहरातच असलेल्या क्विरिनाल टेकडीने हाच आसरा दिला नाही. सात टेकड्यांत ती सर्वांत उंच म्हणून तेरावे ग्रेगरी यांनी १५८३ मध्ये तेथे उन्हाळी प्रासाद बांधायला घेतला. पाचवे सिक्स्टस तापाने गेले ते याच प्रासादात. साठेक मीटर उंची ना डासाला अडवू शकत होती ना परजीवीला.

उंची दोन वेगळ्या रीतींनी माणसाला राखते, थोड्या चढावर पाण्याचा निचरा करून आणि फार चढावर ऊब हिरावून, हे ध्यानात घेतले की आपल्या सह्याद्रीचाही अर्थ लागतो. घाटाच्या पायथ्याशी झुळझुळ वाहणाऱ्या स्वच्छ ओढ्यांत 'फ्लुव्हिएटिलिस' नावाचा अ‍ॅनॉफिलिस वाढतो आणि तो हिवतापाचा मोठा वाहक आहे. तेव्हा डोंगर म्हणजे सुरक्षित हे समीकरण पायथ्याशी पार उलटे होते. जंगलात राबणाऱ्या आदिवासींच्या पाणथरी वाढलेल्या मुलांना हे समीकरण कोणी विचारले नव्हते. मुंबईत तर उंचीचाही प्रश्न नव्हता आणि दलदलीचाही. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली दाखवून दिले की, शहराचा हिवताप घरोघरच्या विहिरी आणि टाक्यांमधून येतो. तेथे 'स्टीफेन्साय' जातीचा डास वाढतो. विहिरी झाकण्याच्या हुकमांवरून केवढा धर्मवाद माजला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. विहिरीत गप्पी मासे सोडायला येणारा आरोग्य खात्याचा माणूस मात्र आमच्या पिढीने पाहिला आहे. या डासाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

इटलीची कथा येथे थोडक्यात संपवू. १९३० नंतरच्या दशकात रोमच्या दक्षिणेकडील पोन्तिन दलदल उपसली गेली. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने महायुद्धात ती पुन्हा पाण्याखाली घातली आणि १९४४ मध्ये ताप पुन्हा उसळला. युद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने त्याचा निकाल लागला. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इटली हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले.

ऊब हिरावणारी खरी उंची पाहायची असेल तर इथिओपियाला जावे लागते. हा आफ्रिकेतील प्राचीन ख्रिस्ती देश. तेथील बहुसंख्य शेतकरी शतकानुशतके उंच पठारावर राहत आले. सखल, उष्ण प्रदेशाला ते 'कोला' म्हणतात, मधल्या पट्ट्याला 'वोयना देगा', आणि थंड माथ्याला 'देगा'. कोलात सुपीक जमीन असली तरी तेथे वस्ती करणे म्हणजे तापाला निमंत्रण, हे त्यांना पिढीजात ठाऊक होते. गरजेपोटी खाली उतरणारा तेथे रात्र काढण्याचे टाळी. साधारण २,००० मीटरची रेषा ही त्यांची तटबंदी.

१९५८ मध्ये ती तटबंदी ढासळली. त्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा अधिक झाला, हवा अधिक दमट आणि अधिक उबदार राहिली. १,६०० ते २,१५० मीटर उंचीच्या गावांत हिवतापाची अशी साथ आली की, नंतरच्या अंदाजानुसार ३० लाख लोक आजारी पडले आणि दीड लाख मृत्यू पावले. सखल प्रदेशातला माणूस लहानपणापासून तापाशी झुंजत असल्यामुळे, वाचलाच तर, त्याच्या अंगी काही प्रतिकारशक्ती येते. डोंगरावरच्या माणसाकडे ती नव्हती. म्हणून या साथीत केवळ लेकरे नव्हेत, कर्ते स्त्री-पुरुषही गेले आणि उभी पिके कापायला हात उरले नाहीत. पिढ्यान् पिढ्या ज्या उंचीने रक्षण केले, तिनेच त्यांना असे निःशस्त्र ठेवले होते.

ती साथ एका वर्षाच्या हवामानाची होती. आज प्रश्न कायमच्या बदलाचा आहे. केनियाच्या केरिचो भागातील चहामळ्यांत, सुमारे २,००० मीटरवर, १९८० नंतरच्या दशकात हिवताप पुन्हा वाढू लागला, तेव्हा विद्वानांत मोठा वाद झाला. २००२ साली 'नेचर' नियतकालिकात एका गटाने असे मांडले की, तेथील हवामानात म्हणावा तसा बदल दिसत नाही. जुने क्लोरोक्विन औषध निकामी होत चालले, हे कारण अधिक सबळ आहे. २००६ मध्ये दुसऱ्या गटाने तीच आकडेवारी अधिक वर्षांसाठी तपासून तापमान वाढल्याचे दाखवले. आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. औषध, लोकांचे स्थलांतर, जंगलतोड यांना वगळून केवळ पाऱ्याकडे पाहणे म्हणजे 'वाईट हवे'चीच नवी आवृत्ती ठरेल. परंतु २०१४ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने ऊब आणि उंची यांचा संबंध स्पष्टपणे मांडला. इथिओपियातील देब्रे झेत आणि कोलंबियातील आंतिओकिया या दोन डोंगराळ प्रदेशांतील अनेक वर्षांच्या नोंदी पाहता, ज्या वर्षी हवा उबदार त्या वर्षी हिवताप वरच्या गावांत चढतो, आणि थंड वर्षी पुन्हा खाली उतरतो. म्हणजे रेषा स्थिर नाही. देब्रे झेतची उंची १,९०० मीटरच्या आसपास. शिवाय डोंगरातल्या झोपडीत चूल पेटलेली असते, गुरे आतच बांधलेली असतात; छपराखाली बसलेल्या डासाला बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश अधिक ऊब मिळते. जेथे परजीवीची वाढ एकेका अंशावर ठरते, तेथे त्या दोन-चार अंशांची किंमत फार असते.

आणि आता आपला मुंबईचा डास. स्टीफेन्साय हा दक्षिण आशिया व आखाती प्रदेशातला रहिवासी. आफ्रिकेत तो नव्हता. २०१२ मध्ये तो जिबूती बंदरात सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात. त्याला दलदल लागत नाही, ओढा लागत नाही. बांधकामावरचा हौद, अंगणातले पिंप, गच्चीवरची टाकी त्याला पुरते, आणि पावसाळ्याची वाट पाहण्याचे त्याला कारण नाही. २०२२ मध्ये पूर्व इथिओपियातील दिरे दावा या सुमारे १,२०० मीटरवरील शहरात ऐन कोरड्या दिवसांत हिवताप उसळला. तपास करणाऱ्यांनी रुग्णांच्या घरांभोवतीचे साठवणीचे पाणी पाहिले, तेव्हा त्यात वळवळणाऱ्या अळ्या स्टीफेन्सायच्या निघाल्या. ज्या विद्यापीठाच्या वसतिगृहातील मुले आजारी पडली होती, तेथेही पाणी साठवणीचेच होते.